पाकीट फोडल्यावर डब्यात ओतायचं की नाही? वाणसामान भरण्याची सविस्तर पद्धत

महिन्याचा किराणा घरी आला की बहुतेक घरांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. पुडे फोडायचे, डब्यांत ओतायचे, पाकिटं केरात टाकायची. सवय वाईट नाही, पण ती सगळ्या वस्तूंना सरसकट लावली की गडबड होते. रवा आणि डाळी डब्यात गेल्याच पाहिजेत. मीठ पाकिटासकट बरणीत ठेवलेलं बरं. बाळाची दूधपावडर मूळ डब्यातून हलवूच नये. फिनाइल, ॲसिड आणि औषधं यांच्या बाबतीत तर चर्चाच नको.

पाकीट दोन कामं करतं. एक, मालाला हवा, ओल, उजेड आणि किडे यांच्यापासून सांभाळतं. दोन, आत काय आहे, कधी भरलं, कधीपर्यंत चांगलं राहील, तक्रार कुणाकडे करायची हे सांगतं. पहिलं काम डबा कधी पाकिटापेक्षा चांगलं करतो, कधी वाईट. दुसरं काम डबा करतच नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. कुठलीही वस्तू हातात घेऊन ही दोन कामं आठवलीत की निम्मे निर्णय ओट्यापाशीच होतात.

नाशिकची हवा आधी लक्षात घ्या

आपल्याकडे एप्रिल-मे कोरडा आणि तापलेला, जून ते सप्टेंबर दमट, पुढे थंडी पुन्हा कोरडी. म्हणजे मे महिन्यात नुसत्या रबरबँडवर छान राहिलेले पोहे जुलैत सादळतात. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूला पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी खाली दिलेली काळजी दुप्पट घ्यावी. पंचवटीतल्या किंवा गोदाकाठच्या जुन्या वाड्यात ओल भिंतीतून आणि जमिनीतून येते, तिथे डबे भिंतीला टेकवू नयेत आणि जमिनीवर थेट ठेवू नयेत, खाली लाकडी फळी असावी. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या वरच्या मजल्यावर प्रश्न वेगळा असतो. तिथे ओल कमी, पण ओट्याखालच्या बंद ट्रॉलीत हवा खेळत नाही आणि सिंकचा पाइप शेजारूनच जातो. सिंकखालच्या कप्प्यात खाण्याचं काही ठेवूच नका, डबा कितीही घट्ट झाकणाचा असला तरी.

मोठी भराभरी, म्हणजे वर्षाचे गहू, डाळी, तिखट, पापड-कुरडया, मे अखेरपर्यंत उरकावी. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर धुतलेला डबा नीट वाळायलाच तयार नसतो.

पायरी १ : फोडण्याआधी वाटण्या करा

सगळं सामान ओट्यावर मांडा आणि काहीही न फोडता तीन वाटण्या करा.

पहिली वाटणी पूर्ण ओतायच्या मालाची. गहू, तांदूळ, डाळी, कडधान्यं, रवा, पोहे, साबुदाणा, साखर, पीठ. यांची पाकिटं साध्या प्लॅस्टिकची असतात, एकदा फोडली की नीट बंद होत नाहीत, आणि पाकोळीच्या अळ्या असलं पातळ प्लॅस्टिक कुरतडून सहज आत-बाहेर करतात. एका मुगाच्या पुड्यातली कीड सगळ्या फडताळभर पसरायची नसेल तर घट्ट झाकणाचा डबा हवाच.

दुसरी वाटणी पाकिटासकट डब्यात ठेवायच्या मालाची. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी पद्धत हीच. चहा, कॉफी, मीठ, तयार मसाले, ओट्स, चिवड्याचं फरसाणाचं पाकीट. आतून चांदीसारखा थर असलेली पाकिटं ओल, हवा आणि उजेड अडवण्यात बऱ्याच डब्यांपेक्षा सरस असतात. तोंड सरळ कापायचं, आतली हवा दाबून काढायची, दोन घड्या घालून चिमटा लावायचा आणि पाकीट उभं डब्यात ठेवायचं. तारीख शाबूत, वास शाबूत, डबाही धुवावा लागत नाही.

तिसरी वाटणी मूळ वेष्टनातून हलवायचाच नाही अशा वस्तूंची. तिच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे, कारण तिथे चूक झाली तर पोहे मऊ पडण्यावर भागत नाही.

पूर्ण बंद असलेली जादा पाकिटं फोडून मोठ्या डब्यात एकत्र करू नका. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ म्हणून जी मुदत असते ती बंद पाकिटाची असते. फोडलं की तो हिशेब संपला. दोन किलो रवा हवा असेल तर एकेक किलोचे दोन पुडे आणा, एक ओता, दुसरा तसाच राहू द्या.

पायरी २ : डबा कशाचा आणि केवढा

स्टीलचा डबा कोरड्या किराण्यासाठी उत्तम. उजेड आत जात नाही, वास धरत नाही, उंदीर कुरतडू शकत नाही. उणीव एकच, झाकण. नेहमीच्या स्टीलच्या डब्याचं झाकण नुसतं बसतं, हवा अडवत नाही. पाहायचं असेल तर कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. सहज सुटून आली तर त्या डब्यात पावसाळ्यात पोहे, कुरमुरे, बिस्किटं ठेवू नका. गहू-तांदूळ चालतील. कुरकुरीत वस्तूंसाठी रबरी किंवा सिलिकॉनच्या कड्याचं झाकण असलेला डबा वेगळा घ्या.

काचेच्या बरण्या ओल आणि हवा दोन्ही चांगली अडवतात, फक्त उजेड अडवत नाहीत. हारीने मांडलेल्या एकसारख्या पारदर्शक बरण्या फोटोत सुरेख दिसतात, पण उघड्या फळीवर त्यात ठेवलेल्या तिखटाचा रंग उडतो आणि हळद फिकी पडते. काच हवी तर ती बंद कपाटात ठेवा.

प्लॅस्टिक घेताना तळाशी काचेचा पेला आणि काटा अशी खूण आहे का पाहा. ती खाण्याच्या वस्तूंसाठी योग्य असल्याची खूण. त्रिकोणातला आकडा ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, २ म्हणजे जाड पॉलिथिलीन. हे दोन्ही डब्यांसाठी चांगले. १ आकड्याच्या पातळ बाटल्या-बरण्यांत गरम काही भरू नये. भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या धुऊन त्यात धान्य भरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती बंद करा. त्या बादल्या खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेल्या नसतात आणि रंगातली द्रव्यं प्लॅस्टिकमध्ये मुरलेली असतात.

नाशिकची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली आहेत आणि आजीच्या काळचे पितळी डबे अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यात कोरडं धान्य बिनदिक्कत भरा. मात्र मीठ, चिंच, आमसूल, लोणचं, तेल आणि तूप त्यात नको. आंबट आणि खारट वस्तू धातूला खातात, आणि तांब्याच्या संपर्कात तेल-तूप लवकर खवट होतं.

आकाराचा अंदाज असा. गहू, तांदूळ, डाळ किंवा साखर एक किलो असेल तर सव्वा लिटरच्या आसपास जागा लागते. त्याच वजनाच्या पिठाला पावणेदोन ते दोन लिटर. मीठ एक लिटरच्या डब्यात आरामात मावतं. नियम म्हणून एक पुडा मावेल एवढाच डबा घ्या. फार मोठा डबा अर्धा रिकामा राहतो, आत हवा राहते, आणि दुसरा पुडा त्यावर ओतण्याचा मोह होतो.

पायरी ३ : कीड डब्याबाहेर थोपवा

डब्यात कीड ‘होते’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती मालाबरोबरच येते. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. दाणा वरून स्वच्छ दिसतो. आपल्या उन्हाळी-पावसाळी उबेत महिनाभरात त्यातून सोंडा बाहेर पडतो आणि आपण डब्याला दोष देतो. कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी अख्ख्या मूग-चवळी-हरभऱ्याच्या सालीवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. सोललेल्या डाळीला त्याचा त्रास कमी. म्हणून निवडताना कडधान्याकडे जास्त बारकाईने पाहा.

थोडा माल असेल, म्हणजे किलो-दोन किलो रवा, मैदा, बेसन, कडधान्य, तर सर्वांत खात्रीचा उपाय फ्रीझरचा. पुडा न फोडता, किंवा घट्ट बंद पिशवीत घालून, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. एका दाराच्या लहान फ्रीजचा फ्रीझर तितका थंड नसतो, त्याला आठवडा द्या. बाहेर काढल्यावर लगेच फोडू नका. पिशवी बाहेरून पूर्ण सुकून खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा. गार पिठावर दमट हवा लागली तर त्याच्या गाठी होतात.

वर्षाच्या गव्हाला ऊन द्यायचं ते कडक, पातळ पसरून. पण उन्हातून उचललेला गहू गरम असताना डब्यात भरू नये, संध्याकाळपर्यंत सावलीत निवू द्यावा. तांदळाला कडक ऊन देऊ नका, दाणा तडकून कणी पडते. इंद्रायणीसारखा तांदूळ सावलीत पसरून हवा दिली की पुरे. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर असतो, त्यातल्या तेलामुळे तो पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो, तेव्हा तो वर्षाचा भरूच नये.

तूर आणि कडधान्याला एरंडेल चोळण्याची जुनी पद्धत खरोखर काम करते. तेलाच्या पातळ थरामुळे अंडी टिकत नाहीत. किलोला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलीलिटर पुरतं. दाण्यादाण्याला लागेपर्यंत चोळायचं. कडुलिंबाचा वाळलेला पाला बाहेरच्या किड्यांना थोडाफार दूर ठेवतो, आतल्या अंड्यांचं तो काही करत नाही. ओला पाला तर घालूच नका. बोरिक पावडर खाण्याचं द्रव्य नाही, धान्याला लावू नका.

आणि एक गोष्ट ठामपणे. दुकानात ‘धान्याच्या गोळ्या’ म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या मिळाल्या, कुणी शेतावरून आणून दिल्या, तरी त्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद घरात तो जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही.

पायरी ४ : भरा, आणि भरतानाच चिठ्ठी लावा

डबा धुतलेला असेल तर पुसून, उन्हात किंवा पंख्याखाली उघडा ठेवून, दुसऱ्या दिवशी भरा. झाकणाच्या कडेच्या खाचेत पाणी हमखास राहतं, तिथे बोट फिरवून पाहा.

गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं. ते परातीत पसरून निवल्याशिवाय डबा लावू नका, नाहीतर झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि चार दिवसांत पिठाला कुबट वास येतो. बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळून आणा. त्यातलं तेल लवकर बिघडतं आणि भाकरी कडू लागते, त्याला कुठलाच डबा वाचवू शकत नाही. नागलीचा दाणा मात्र भलताच टिकाऊ. दाणे डब्यात वर्ष-वर्ष राहतात. पीठ लागेल तसं दळून आणावं.

चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: वस्तूचं नाव, फोडल्याची तारीख, पाकिटावरची मुदत. मास्किंग टेपवर पेनने लिहिलं तरी पुरे. चिठ्ठी झाकणावर लावू नका, अंगावर लावा. स्टीलच्या डब्यांची झाकणं धुताना अदलाबदल होतात आणि मग रव्याच्या डब्यावर साबुदाण्याची तारीख येते. भांडी बाजारात डबा घेतला की दुकानदार आवर्जून विचारतो, नाव घालायचं का? जरूर घाला, लग्नकार्यात डबा परत येतो. पण त्या कोरलेल्या नावावरून आतलं बेसन कधीचं आहे ते कळत नाही, त्यासाठी टेपच.

पाकिटावरचा तारखेचा आणि बॅच नंबरचा तुकडा कापून त्याच डब्याला टेपने चिकटवा, किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढा. माल खराब निघाला तर कंपनी आणि अन्न प्रशासन दोघंही आधी बॅच नंबर विचारतात. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार किंमत, वजन, तारीख आणि तक्रारीसाठीचा संपर्क पाकिटावर असतोच. पाकीट घंटागाडीत गेलं की हे सगळं गेलं. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर घटकांची यादीही जपून ठेवा.

पांढऱ्या पुडींना चिठ्ठीशिवाय डब्यात प्रवेश नको. खायचा सोडा, कॉर्नफ्लोअर, तांदळाची पिठी, पिठीसाखर, लिंबूफूल, तुरटीची पूड. ओळीत ठेवल्या तर चव घेतल्याशिवाय ओळखू येत नाहीत, आणि धुण्याचा सोडा त्यात मिसळला असेल तर चव घेणं हाच धोका. बेकिंग पावडर तिच्या मूळ डबीतच राहू द्या, ओल लागली की तिची फुगवण्याची ताकद डबीतच संपते.

पायरी ५ : जुन्यावर नवं ओतू नका

डबा संपत आला की वरून नवा पुडा ओतायचा, ही सवय सगळ्यांत महागात पडते. तळातला जुना माल कधी संपतच नाही आणि त्यातली अळी, त्यातला खवटपणा नव्याला लागतो. जुनं वाटीत काढा, डबा कोरड्या फडक्याने कोपऱ्यांसकट पुसा, नवं भरा. जुनं आधी वापरून संपवा.

तेलाच्या बाबतीत हा नियम सर्वांत कडक. किटलीच्या तळाशी उरलेल्या जुन्या तेलावर ताजं ओतलं की ताजंही लवकर खवटतं. दर वेळी किटली घासून, पूर्ण वाळवून भरा. पंधरा किलोचा डबा फोडला असेल तर तेल लहान, कोरड्या कॅनमध्ये काठोकाठ भरून अंधाऱ्या जागी ठेवा. चार माणसांच्या घरात मात्र मोठा डबा आणण्यापेक्षा पाच लिटरचा कॅन आणणं मला शहाणपणाचं वाटतं, स्वस्तात पडलेलं तेल खवट झाल्यावर स्वस्त राहत नाही.

हात धुण्याच्या साबणाची बाटलीही याच नियमात. रिफिलचा पाऊच ओतण्याआधी बाटली धुऊन वाळवा, वरचेवर भर घातलेल्या बाटलीत जंतू वाढतात.

काही खास वस्तू

मिठातलं आयोडीन ओल, उष्णता आणि उजेडाने कमी होतं, आणि दमट मीठ स्टीललाही टोचे पाडतं. म्हणून पाकीट चिनीमातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत, गॅसपासून लांब.

वर्षाचं लाल तिखट आणि काळा मसाला बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे ठेवा, आणि बरणी वरचेवर उघडू नका. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत आठवड्याचंच काढा. तो डबा गॅसशेजारी दिवसातून दहा वेळा उघडतो, त्यात महिन्याचं धणे-जिरे पूड भरून ठेवली तर महिनाअखेर नुसता भुसा उरतो. हिंग त्याच्या मूळ डबीत ठेवून ती डबी आणखी एका डब्यात ठेवा. चहा तिच्या शेजारी नको.

पिंपळगाव-निफाडकडचे मनुके किलोने आणले असतील तर लहान बरण्यांत भरून फ्रीजमध्ये.

भगर हा नाशिककरांचा घरचा विषय, वरईची शेती आणि भगरीच्या गिरण्या जिल्ह्यातच आहेत. तरी उपासाच्या दिवसांत भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिचं विष शिजवून जात नाही. त्यामुळे भगर सुटी घेऊ नका, तारीख असलेलं पाकीट घ्या, एका उपासापुरती फोडा, उरली तर पाकिटासकट हवाबंद डब्यात. पीठ विकत आणण्यापेक्षा घरी लागेल तेवढंच दळा. वर्षभर फळीवर पडलेल्या भगरीचा मोह नको.

हलवायचंच नाही असं

बाळाची दूधपावडर. तिच्यासोबतचा चमचा त्याच पावडरीच्या मापाचा असतो, आणि फोडल्यानंतर किती दिवसांत संपवायची ते डब्यावरच लिहिलेलं असतं.

औषधं. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. मुदत आणि बॅच पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राहील अशा बाजूने पट्टी फोडत जा. ज्येष्ठांसाठी वारांची डबी सोयीची असते, पण तीत आठवड्याच्याच भरा आणि कुठल्या गोळ्या हवा लागलेल्या चालत नाहीत ते औषधविक्रेत्याला विचारा. जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच.

फिनाइल, टॉयलेटचं ॲसिड, ब्लीच, रॉकेल, थिनर. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत यातलं काहीही कधीच नको, पाहुण्यांसमोर ‘तात्पुरतं’ म्हणूनही नको. तहानेने आलेलं लेकरू चिठ्ठी वाचत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकमेकांत मिसळले तर क्लोरीन वायू होतो, म्हणून एकाची रिकामी बाटली दुसऱ्यासाठी वापरू नका.

द्राक्षबागा असलेल्या दिंडोरी-निफाडच्या घरांत आणखी एक भर असते, उरलेल्या फवारणीच्या औषधांची. ती घराबाहेर, कुलपात, मूळ बाटलीत. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो, लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा, हिरवा. कुणाच्या पोटात गेलंच तर १०८ ला फोन करा आणि बाटली दवाखान्यात सोबत न्या. कुठलं औषध ते कळल्याशिवाय डॉक्टरांना नेमका उपचार ठरवता येत नाही. ॲसिड किंवा रॉकेल प्यायलेल्या माणसाला घरी उलटी करायला लावू नका.

रिकाम्या पाकिटांचं काय

ओतून झाल्यावर पाकिटं झटकून, तेलकट असतील तर पुसून सुक्या कचऱ्यात टाका. डाळीच्या पुड्यात सोंडे सापडले असतील तर पाकीट घरातल्या डस्टबिनमध्ये ठेवू नका, पिशवीत गाठ मारून त्याच दिवशीच्या घंटागाडीत द्या. कीटकनाशकाचा रिकामा डबा धान्यासाठी, पाण्यासाठी किंवा गुरांच्या पेंडीसाठी कधीच वापरू नका. तीन वेळा खळबळून धुवा, ते पाणी फवारणीच्या टाकीत घाला, आणि डब्याला भोकं पाडून तो निकामी करा म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.